शोभेची टाकी

आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा समोर अजून भाजीचे मळे होते आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर दुपारपर्यंत मातीचा थर बसायचा. सोसायटीत मराठी घरं मोजून चार. पहिल्याच उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करायला आलेला माणूस त्यातला जुना वाळा उपसता उपसता स्वतःशी पुटपुटला, "आयला, पार सडलंय की हे." मी लाटणं हातात तसंच धरून स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"तुम्ही मराठी?"

"आम्ही पहाडगंजचे," ते म्हणाले, जणू प्रश्नाचं तेच उत्तर होतं.

हे दामोदर खैरे. आमचे दामूभाऊ. त्यांचे वडील साताऱ्याकडून येऊन कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात स्वयंपाकी म्हणून राहिले. दामूभाऊ दिल्लीतच जन्मले, पहाडगंजच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकले आणि नववी सुरू व्हायच्या आत एका ट्रंकवाल्या उस्तादांकडे पत्र्याचं काम शिकायला बसले. ट्रंकांचे दिवस सरल्यावर कूलर बनवायला लागले. पटपडगंज गावामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचं खोकं. स्वतःच केलेलं.

त्यांचं मराठी म्हणजे आईच्या तोंडून ऐकलेलं तेवढं. आईने जो शब्द ज्या अर्थाने वापरला, त्याच अर्थाने त्यांना ठाऊक. मधल्या सगळ्या जागा हिंदीने भरलेल्या. एकदा मी सहज म्हटलं, "आमच्याकडे सगळे तुमचं कौतुक करतात हं, दामूभाऊ." तर हातातला पाना खाली ठेवून त्यांनी विचारलं, "का वहिनी, काय चुकलं?" आई त्यांना 'आला मोठा कौतुकाचा' असं म्हणायची. कौतुक म्हणजे टोमणा, एवढीच त्यांची समजूत. मी हसले, समजावून सांगितलं आणि विसरून गेले. विसरायला नको होतं, हे पुढे कळलं.

पण आधी त्र्याण्णवचा मे महिना सांगायला हवा, कारण दामूभाऊंचं नाव घेतलं की मला पहिल्यांदा तोच आठवतो.

सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आल्या. बाहेर लू चाललेली. कूलर लावावा तर त्याच्या खडखडाटाने त्यांचा डोळा लागेना, बंद करावा तर अंगाची लाही. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "नीला, एक तर ते यंत्र तरी घालव, नाहीतर मला तरी." मी दामूभाऊंना बोलावणं धाडलं.

त्यांनी आल्याआल्या पंखा उघडला नाही. चालू कूलरच्या पेटीवर नुसता तळहात ठेवून उभे राहिले. वैद्याने नाडी बघावी तसं, चारी बाजूंनी.

"पंखा नाही बोलत, वहिनी. पेटी बोलते. पत्र्याची कड मोकळी सोडली की तो बोलतो. दुमडून बंद केली की गप्प."

मग त्यांनी सायकलची जुनी ट्यूब आणली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि पेटीच्या एकेका सांध्यात बसवल्या. जिथे जिथे कड मोकळी होती तिथे ती दुमडून ठोकली. दुपारी चार वाजता कूलर सुरू केला तेव्हा मला वाटलं लाइटच गेली. वारा मात्र येत होता. सासूबाई दहा मिनिटांत झोपल्या. मी चहा ठेवायला निघाले तर दामूभाऊंनी हातानेच नको म्हटलं आणि हळूच दाराकडे सरकत कुजबुजले, "कपबशीचा आवाज होईल."

त्या उन्हाळ्यात सासूबाई झोपू शकल्या म्हणून पुन्हा चालू शकल्या, असं मी मानते. डॉक्टरांचा मान डॉक्टरांना. पुढची सहा वर्षं त्या आमच्यात होत्या आणि दर एप्रिलला विचारायच्या, "तो गप्पवाला आला नाही का अजून?"

नंतर दिवस बदलत गेले. मळ्यांच्या जागी फ्लॅट झाले, फ्लॅटांच्या खिडक्यांतून एसीची पाठ दिसायला लागली. ज्यांना एसी परवडत नव्हता त्यांनी प्लॅस्टिकचे कूलर घेतले. हलके, गंजत नाहीत, दुकानातून उचलून आणले की झालं. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये दामूभाऊ आमच्याकडे आले ते काम आहे का विचारायला, आणि असं ते पहिल्यांदाच आले होते.

त्यांच्या बायकोने, अहिल्येने, त्यांच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. नोएडात एक मोठा मॉल उभा राहत होता. तिथे गार्ड हवे होते. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी जाऊन हो म्हणायचं होतं.

"अहिल्या म्हणते, सावलीत उभं राहायचं, वर्दी मिळते, अजून काय पाहिजे," दामूभाऊ म्हणाले. "बरोबर आहे तिचं. पण वहिनी, दिवसभर हात रिकामे ठेवून उभं राहायचं. ते मला येईल का?"

पन्नाशीचा माणूस. स्वतःच्या तळहातांकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि परत करायचे आहेत.

त्याच सुमारास माझा भाचा अंशुमन आमच्याकडे राहत होता. पुण्याहून इंजिनिअर होऊन नोएडात कंपनीत लागलेला. दिवसभर संगणकापुढे बसायचा आणि संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल बनवायचा. साधी नव्हे. लांबच लांब, बसायला ऐसपैस, हँडल बैलाच्या शिंगांसारखं दोन्हीकडे पसरलेलं. परदेशी मासिकात फोटो बघून, पाइप वाकवून जोडलेली. 'क्रूझर' म्हणतात म्हणे. बसायची जागा आणि हँडल यांच्यामध्ये त्याला मोटारसायकलसारखी टाकी हवी होती.

"पेट्रोल कुठे भरणार?" आमचे हे, दिनकर, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"काका, दिसायला असते ती. स्टाइल."

"अच्छा. म्हणजे आमच्या ऑफिसातल्या सल्लागारांसारखी."

अंशुमनने एक टाकी आधी कुठल्याशा डेंटिंगवाल्याकडून करून घेतली होती. पत्र्याची दोन टरफलं, दोन बाजूंनी दांड्यावर आवळलेली. दिसायला बरी होती. पण दिल्लीचे रस्ते आणि आमच्या गेटपाशी उभ्या विटा लावलेला तो उतार. सायकल त्यावर आली की डब्यात खडे भरून कुणी हलवावेत असा आवाज. सोसायटीने तिचं नाव 'खुळखुळा' ठेवलं. गेटवरचा चौकीदार तर तो आवाज आला की न बघताच उठून गेट उघडायचा. अंशुमन हसायचा, पण लाजायचाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघताना मला एकदम सासूबाईंचा कूलर आठवला.

दुसऱ्या दिवशी मी दामूभाऊंना बोलावलं. अंशुमनने सायकल दाखवली, पुठ्ठ्यावर काढलेला आकार दिला.

"डमी टँक हवाय, काका. बाजूंना ज्वाळा, एकदम उठावाच्या."

"ज्वाळा?" दामूभाऊ म्हणाले. "बेटा, आयुष्यभर थंडी विकली मी. आता आग लावू?" मग माझ्याकडे वळून, "आणि डम्मी म्हणजे कशी टंकी?"

"शोभेची टाकी, दामूभाऊ," मी म्हटलं. "शोभेची."

त्यांनी पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. चेहरा गंभीर झाला.

"समजलो वहिनी. शोभेची बात आहे."

मला वाटलं, समजले.

नऊ दिवस त्यांनी काम केलं. मी एकदा भाजी आणायला गेले असताना खोक्यात डोकावले. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून ते लाकडी मोगरीने आतून ठोकत होते, हळूहळू, एकाच जागी दोनदा न मारता. सपाट पत्र्याला कलिंगडासारखा फुगवटा येत होता. ज्वाळाही अशाच आतून ठोकून वर आणलेल्या. सांधे नुसते आवळलेले नव्हते. कडा एकमेकींत दुमडून, ठोकून, वर डाग दिलेला. मला बघून त्यांनी मोगरी खाली ठेवली.

"सोमवारच्या आधी होईल, वहिनी. अहिल्येला सांगितलंय, हे एक करून मग जातो मॉलात. शेवटचं आहे तर असं व्हायला पाहिजे, की त्या मुलाला वाटावं अजून एक करून घ्यावं. त्याचे दोस्त आहेत ना असल्या सायकलवाले? दोन-चार जरी आले..." पुढचं त्यांनी गिळलं. "तसं नाहीच झालं, तर मग कातर गुंडाळून ठेवायची."

टाकीच्या बाहेरून सगळ्या सांध्यांवर खडू घासलेला होता. मी विचारलं, हे कशाला.

"आत रॉकेल भरलंय. दोन दिवस ठेवणार. पाणी जिथून जात नाही ना, तिथून रॉकेल निघतं. मोठं चुगलखोर. खडूवर डाग उमटला की समजायचं, गळतंय."

तिथेच मला खटकायला हवं होतं. ज्या टाकीत काही भरायचंच नाही, तिच्यात हा माणूस रॉकेल कशाला भरतोय? पण माझ्या डोक्यात संध्याकाळचे पाहुणे होते. "वा, छान," म्हणून मी निघून आले. हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात.

रविवारी सकाळी ते टाकी घेऊन आले, जुन्या चादरीत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून. मागे अहिल्या. ती कधी येत नसे. बहुधा हे प्रकरण संपतंय याची खात्री करायला आली होती.

चादर सुटली तेव्हा पार्किंगमधले सगळे जवळ सरकले. गडद तांबडा रंग, त्यावर सायीच्या रंगाच्या ज्वाळा, बोटाला लागतील अशा उठावाच्या. कडेकडेने ट्रंकेवर काढतात तशी बारीक वेल. दिनकर चष्मा सावरत म्हणाले, "ज्वाळा नाहीत हो, अळूची पानं वाटतात. पण काय अळू आहे."

अंशुमनने टाकी उचलली आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, ही जड आहे." त्याने ती उलटी केली. "खालून बंद? मी दोन टरफलं सांगितली होती. आणि हे काय?"

"ड्रेनचं बूच," दामूभाऊ म्हणाले. "झाकण पण फिरतं. सायकलच्या दांड्यासाठी खालून पन्हळ दिलीय, बघ. थेंब गळणार नाही. रॉकेलने बघितलंय."

"पण त्यात काही भरायचंच नाहीये. डमी म्हटलं होतं ना. मावशीने पण सांगितलं, शोभेची."

"हो ना, शोभेची," दामूभाऊ गोंधळून म्हणाले. "म्हणून तर."

आणि मला एकदम 'कौतुक' आठवलं.

"दामूभाऊ," मी हळूच विचारलं, "शोभा म्हणजे काय, तुमच्या मते?"

"आई म्हणायची ना. चारचौघांत शोभा करू नकोस. वर्गात मास्तरांनी शोभा केली. शोभा म्हणजे... फजिती." ते माझ्याकडे बघत होते. "तुम्ही म्हणालात, शोभेची टंकी. मला वाटलं, मुलाच्या इज्जतीचा सवाल आहे. जरा कुठे गळली, वाजली, तर चार लोकांत त्याची शोभा होईल. म्हणून असं काम करायचं, की कोणी बोट ठेवायला नको."

कुणीच हसलं नाही. चूक त्यांची नव्हतीच. मी तो शब्द त्यांच्या हातात दिला होता.

"शोभेचं म्हणजे नुसतं दिसायला सुंदर," मी म्हटलं. "माझंच चुकलं, दामूभाऊ. मी नीट सांगायला हवं होतं."

त्यांचे कान लाल झाले होते. मागे अहिल्या पदर सारखा करत हिंदीत म्हणाली, "चलो जी. हो गया ना अब." दामूभाऊंनी पिशवीतून कातर काढली आणि खाली बसले.

"आण बेटा. तळ कापून देतो. हलकी होईल."

कातर पत्र्याला टेकली होती. मी अंशुमनकडे बघितलं. माझ्या नजरेत काय होतं कुणास ठाऊक, पण मुलगा बहिणीवर गेला आहे, मनाचा चांगला.

"थांबा काका," तो म्हणाला. "आधी बसवून तर बघू."

बसवताना दामूभाऊंनी खिशातून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या काढल्या आणि दांडा व टाकी यांच्यामध्ये घातल्या. अंशुमन गेटबाहेर पडला, विटांच्या उतारावरून गेला, कोपऱ्यावर दिसेनासा झाला आणि चौकीदाराने फाटक लावून घेतलं. आम्ही वाट बघत उभे राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. अहिल्या दोनदा म्हणाली, चला. दिनकर म्हणाले, "जड आहे म्हणून वाटेत सोडून आला की काय."

मग फाटकाबाहेरून अंशुमनची हाक आली, जराशी वैतागलेली. "अरे भैया, गेट तो खोलो!"

चौकीदार स्टुलावर पेंगत होता, तो दचकून उठला. अंशुमन सायकलसकट फाटकाबाहेर उभा. केव्हापासून उभा होता, देव जाणे.

"साहब, आवाज ही नहीं आयी," चौकीदार कडी काढत म्हणाला. "मुझे क्या पता आप आ गये."

आता मात्र सगळे हसले. सगळ्यांत आधी अंशुमन. तो सायकलवरून उतरला, टाकीवर बोटांनी टकटक केली. ठक, असा नुसता भरीव आवाज आला.

"जड आहे, काका," तो म्हणाला, "पण काय गप्प आहे यार. राहू दे तळ."

दामूभाऊंनी कातर पिशवीत ठेवली. पण मी बघत होते, त्यांचं लक्ष अंशुमनकडे नव्हतंच, चौकीदाराकडे होतं. तो पुन्हा स्टुलावर जाऊन बसला होता, हात मांडीवर ठेवून.

"तुझे दोस्त..." दामूभाऊंनी विचारायला सुरुवात केली.

"खरं सांगू का काका, अशा सायकली बनवणारे आम्ही तिघंच आहोत," अंशुमन म्हणाला. अहिल्येने मान हलवली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं. अंशुमन मात्र अजून टाकीवर हात ठेवून उभा होता. "पण एक विचारू? आमच्या ऑफिसात माझ्या डोक्यावरून एसीचं डक्ट जातं. दिवसभर थडथडतं. कंत्राटदाराची माणसं तीनदा येऊन गेली. तुम्ही येऊन बघाल?"

"डक्ट म्हणजे?"

"पत्र्याची लांब पेटी असते. आतून गार हवा जाते."

दामूभाऊंनी विचार केला. "म्हणजे कूलरच की. लांबलेला."

"उद्या सकाळी या."

उद्या म्हणजे सोमवार. अहिल्येने नवऱ्याकडे असं बघितलं, की मी तरी तिथेच विरघळले असते. दामूभाऊ चादरीची घडी घालत राहिले. नीट, कडेला कड लावून. मग म्हणाले, "येतो."

अहिल्या त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही, हे मला नंतर तिनेच सांगितलं.

सोमवारी दामूभाऊ शिडीवर चढून त्या डक्टला तळहात लावून उभे राहिले, असं अंशुमन सांगतो. मग खाली उतरून सायकलची ट्यूब मागितली. ऑफिसातल्या मुलांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. दुपारनंतर मात्र त्या मजल्यावरचे लोक हळू आवाजात बोलायला लागले, कारण आपलं बोलणं पलीकडे ऐकू जातंय हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. कंत्राटदाराने त्याच आठवड्यात दामूभाऊंना ठेवून घेतलं. नवीन उपनगरांत जिकडे तिकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीत पत्र्याच्या पेट्या लागत होत्या. ज्या एसीने त्यांचं दुकान बसवलं, त्याच्याच पोटात त्यांना काम मिळालं. अहिल्येची नवी तक्रार सुरू झाली: "गार्ड झाले असते तर जमिनीवर तरी उभे असते. आता या वयात माकडासारखे परातीवर." परात म्हणजे परांची. तिचंही मराठी पहाडगंजचंच.

दोन वर्षांनी नोएडातला तो मॉल सुरू झाला. तोच. दामूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आम्हाला न्यायला आले. फिरत्या जिन्यावर माझी तारांबळ उडाली, दिनकरांनी तीही बघून घेतली. तिसऱ्या मजल्यावर एका मोकळ्या जागी दामूभाऊ थांबले आणि वर बोट दाखवलं. वर गुळगुळीत पांढरं छत, दिव्यांच्या रांगा. बाकी काही नाही.

"कुठे आहे तुमचं डक्ट?" मी विचारलं.

"त्याच्या वर. झाकलंय सगळं. दिसत नाही." मग हळूच हसून म्हणाले, "शोभेचं नाही ना, वहिनी."

"मग आम्ही बघायचं काय?" दिनकर म्हणाले.

"बघायचं नाही, साहेब. ऐका."

आम्ही तिघं माना वर करून उभे राहिलो. लोक आमच्याकडे बघत जात होते. वरून गार वारा येत होता, मानेवर, कपाळावर. मी कान देऊन ऐकलं. काहीही ऐकू येत नव्हतं.

सासूबाई असत्या तर तिथेच एखाद्या बाकावर त्यांचा डोळा लागला असता.